जुने इंजिन उघडावे की बदलावे?

गेल्या पावसाळ्याच्या आरंभी वेल्हे खोऱ्यातील एक गृहस्थ शाळा सुटल्यावर मजकडे आले. भातलावणीचे दिवस होते, पायाला चिखल तसाच होता, यावरून घाईचे काम असावे हे मी ताडले. बसावयास सांगितले तरी ते बसले नाहीत. त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत देतो : "मास्तर, पोराला शाळंत घातलाय तो शिकायला. गिरीसच फासायचं आसंल तर नसरापूरच्या फाट्याला ग्यारेजं काय कमी हाईत?"

त्यांचा मुलगा आमच्या दहावीच्या वर्गातील. शनिवारी दुपारी तो व आणखी दोघे विद्यार्थी माझ्या भोर येथील घरामागच्या गोठ्यात एका जुन्या मोटारीचे इंजिन खोलण्यास मला साहाय्य करीत असत. मी त्या गृहस्थांस त्या दिवशी जे उत्तर दिले ते मला स्वतःलाच समाधानकारक वाटले नाही. नम्रपणे बोललो, पण मुद्द्याचे बोललो नाही. म्हणून तेच उत्तर सावकाशीने, आणि इतरही पालकांच्या दृष्टीस पडावे अशा हेतूने, येथे लिहीत आहे.

प्रथम त्या मोटारीविषयी. ती १९७० सालची फियाट अकराशे. माझ्या वडिलांनी १९८४ साली ती दुसऱ्याच्या हातची विकत घेतली आणि २०१२ साली त्यांचा अंत होईपर्यंत चालविली. त्यानंतर अकरा वर्षे ती गोठ्यात उभी होती. कोंबड्या तिच्या टपावर बसत. आई दरवर्षी पावसाळ्यापूर्वी म्हणे, "भंगारवाल्याला दे, जागा तरी मोकळी होईल." आणि मी दरवर्षी "बघू" म्हणून वेळ मारून नेत असे.

ही गाडी कोठून आली हे आजच्या मुलांस ठाऊक नसते. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली व मुंबईस कुर्ला येथे कारखाना घातला. आपल्याच जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आहे, ते यांच्याच नावाचे. इटलीच्या फियाट कंपनीशी करार होऊन पुढे अकराशे ही गाडी कुर्ल्यास बनू लागली आणि १९७४ पासून तिला प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी त्या याच. त्यांतील शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून निघाली. ज्या गाडीने एका शहराला दोन पिढ्या वाहून नेले, तिचे इंजिन समजून घेण्यात कमीपणा तो कसला?

इंजिन मोठे नाही. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ६८ मिलीमीटर, दट्ट्याची धाव ७५ मिलीमीटर. इयत्ता नववीच्या मुलास वृत्तचितीचे घनफळ काढता येते, त्याने ते काढून चाराने गुणावे, म्हणजे १०८९ घन सेंटिमीटर येतात. वर्गात हेच उदाहरण घातले असता अर्धी मुले त्रिज्येच्या जागी व्यास घालून मोकळी होतात. गोठ्यात मात्र ही चूक कोणी केली नाही, कारण तेथे सिलिंडर समोर होता व त्यात हात घालता येत होता.

अकरा वर्षे उभे राहिल्याने दट्टे सिलिंडरांत धरून बसले होते. अशा वेळी स्टार्टर मारणे किंवा गाडी ढकलून गिअरमध्ये टाकणे हा अविचार होय. त्याने रिंगा मोडतात. आम्ही प्लग काढून प्रत्येक भोकात डिझेल व इंजिन-तेल यांचे मिश्रण ओतले आणि आठ दिवस वाट पाहिली. नवव्या दिवशी फ्लायव्हीलच्या दात्यांस पहारीचा हलकासा नेट लावताच ते बोटभर फिरले. तीन मुले व एक मास्तर यांनी त्या दिवशी केलेला कल्लोळ ऐकून शेजारचे लोक काय झाले म्हणून पाहण्यास आले होते. पुढे गोठ्याच्या आढ्याला चेनपुली बांधून इंजिन वर उचलले. आढे भार सोसेल की नाही याची परीक्षा आधी भाताची पोती टांगून केली. ही कल्पना वर उल्लेखिलेल्या मुलाची. मला ती सुचली नव्हती हे कबूल करतो.

आता इंजिन उघडल्यावर काय दिसते ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण माझ्या मताचा पाया तेथे आहे. सिलिंडर सर्वत्र सारखा झिजत नाही. तो सर्वांत अधिक झिजतो तो वरच्या टोकाजवळ, जेथे पहिली रिंग क्षणभर थांबून परत फिरते. तेथे स्फोटाचा दाब सर्वाधिक, उष्णता सर्वाधिक आणि तेल मात्र सर्वांत कमी. त्याच्या किंचित वर, जेथे रिंग पोहोचतच नाही, तेथे मूळचा व्यास कायम राहतो. यामुळे एक बारीकशी कड तयार होते, ती नखाला लागते. मुलांनी ती नखाने पाहिली, मग बोअर-गेजने मोजली, आणि आकडा आला ०.२८ मिलीमीटर. तीनेक कागदांची जाडी काय ती! पण एवढ्याशा फटीतून तेल वर चढते व निळा धूर होतो, वायू खाली उतरतो व शक्ती जाते. मिनिटास सुमारे ३००० फेऱ्यांच्या वेगाने इंजिन चालू असता प्रत्येक दट्ट्या मिनिटास सहा हजार वेळा थांबतो व उलटतो. त्याचा सरासरी वेग ताशी २७ किलोमीटर पडतो. हा हिशेबही मुलांनी खडूने गोठ्याच्या भिंतीवर केला. तो अद्याप पुसलेला नाही.

झीज ०.२८ असल्याने ०.२ मिलीमीटर वाढीव दट्टा चालण्याजोगा नव्हता, ०.४ चा घ्यावा लागला. नवा व्यास ६८.४. येथे एका विद्यार्थ्याने मोठ्या आशेने विचारले, "सर, म्हणजे आता पॉवर वाढणार?" त्याला पुन्हा हिशेब करावयास लाविले. उत्तर आले ११०२ घन सेंटिमीटर. वाढ शेकडा सव्वा टक्क्याच्या आतबाहेर. त्याचा विरस झाला. परंतु 'बोअर केल्याने गाडी पळते' ही जी समजूत गॅरेजांतून सर्रास ऐकू येते, ती त्या दिवशी त्या एका मुलापुरती तरी नाहीशी झाली.

कनेक्टिंग रॉड व त्याची खालची टोपी या एकत्र बसवून छिद्रिलेल्या असतात. एकाची टोपी दुसऱ्यास बसविली तर गोलाई बिघडते. म्हणून खोलतानाच प्रत्येकावर पंचने एक, दोन, तीन, चार ठिपके मारावे लागतात. काढलेला प्रत्येक नट कोणत्या जागेचा हे लिहून ठेवावे लागते. आमच्या मुलांच्या वह्यांत शास्त्राच्या प्रयोगांची जी नोंद असते ती बहुधा शेजाऱ्याच्या वहीतून आलेली असते. या वहीत तसे करण्याची सोयच नव्हती, कारण खोटी नोंद केली तर महिन्याने इंजिन ती उघड करते.

आपल्या मुलखाच्या पावसानेही एक धडा दिला. पुण्याहून सिलिंडर बोअर व होन करून आणले ते ऑगस्टात. होनिंगच्या दगडाने भिंतीवर ज्या आडव्यातिडव्या बारीक रेषा पडतात त्या तेल धरून ठेवण्यासाठी असतात, त्या मुलांना दाखवाव्या म्हणून मी ब्लॉक पुसून स्वच्छ ठेवला आणि रात्री तेलाचा हात देण्यास विसरलो. सकाळी चारही सिलिंडर तांबूस झाले होते! भोर-वेल्ह्याच्या ऑगस्टातील हवेस उघडे बीड एक रात्रही सोसवत नाही. गंज वरवरचा होता म्हणून पुन्हा हलके होनिंग करून निभावले, पण त्या दिवशी मुलांसमोर माझी मान खाली गेली.

असो. आता मुख्य वादाकडे वळतो. इंजिन उघडून ठेवलेले पाहून जे जे येत ते ते एकच सल्ला देत : "सर, कशाला एवढा खटाटोप? मारुतीचे इंजिन बसवून टाका. ॲव्हरेज देईल, पळेलही." या सल्ल्यात खोटे काही नाही. नवे इंजिन कमी इंधनात अधिक शक्ती देते, धूर कमी करते, आणि ते मिळतेही सहज. तरीही मी तो सल्ला मानला नाही, आणि माझ्या मते घरी काम करणाऱ्या कोणीही तो मानू नये. जुन्याचा मोह हे त्याचे कारण नव्हे.

या गाडीच्या चारही चाकांस ड्रम-ब्रेक आहेत. ते सुमारे चाळीस-पंचेचाळीस अश्वशक्तीच्या इंजिनाचा विचार करून घातलेले आहेत. धावत्या गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग ६० चा ८० झाला, म्हणजे एक-तृतीयांश वाढला, तर ब्रेकांना गिळावी लागणारी ऊर्जा पावणेदोन पट होते. ही सारी ऊर्जा उष्णता होऊन ड्रममध्ये साठते. आणि वरंध घाट किंवा कात्रजचा जुना घाट उतरताना ड्रम तापले की पायाखालचा ब्रेक मऊ लागू लागतो. तेव्हा जो इंजिन बदलतो त्याने ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन व गिअरपेटी ही सर्वच बदलली पाहिजेत, आणि इतके बदलल्यावर मूळची गाडी नावापुरतीच राहते. प्रीमियर कंपनीने स्वतः १९८५ साली ११८ एन. ई. नावाच्या गाडीत निस्सानचे ११७१ घन सेंटिमीटरचे इंजिन घातले, तेव्हा तिचा सांगाडाही निराळा, फियाट १२४ च्या धर्तीचा होता. कारखान्याने जी सावधगिरी बाळगली ती गोठ्यात काम करणाऱ्याने सोडावी हे शहाणपणाचे नव्हे.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या ५२ व्या कलमान्वये नोंदणीपुस्तकातील तपशिलाशी विसंगत असा बदल नोंदणी अधिकाऱ्याच्या मान्यतेवाचून करता येत नाही. शिवाय २०२१ साली झालेल्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपात राखलेल्या खासगी वाहनांस 'व्हिंटेज' म्हणून निराळी नोंदणी मिळू शकते. सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरफार केलेल्या वाहनास ती मिळत नाही. अर्थात अशी नोंदणी घेतली की ती गाडी रोजच्या वापरास नेता येत नाही, म्हणून मी ती घेतलेली नाही. पण पुढील पिढीस ती वाट मोकळी राहावी असे मला वाटते.

याचा अर्थ काहीच सुधारू नये असा नव्हे. कर्मठपणा मोटारीतही वाईटच. ज्या काळी ही गाडी बनली त्या काळचे पेट्रोल आज नाही. त्या काळी पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग मिसळीत. त्याने इंजिनातील ठोका थांबे व एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीस संरक्षण मिळे. पण तेच शिसे श्वासावाटे मुलांच्या रक्तात जाई. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून शिसेयुक्त पेट्रोल पूर्णपणे बंद झाले, ते योग्यच झाले. म्हणून हेडचे काम करतानाच एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकी कठीण धातूच्या बसवून घेतल्या. आता पेट्रोलमध्ये शेकडा वीस टक्के इथेनॉल असते. इथेनॉल पाणी शोषून घेते, जुने रबर व बुचाचे गॅसकेट खाते, आणि त्याची ऊष्मा पेट्रोलच्या दोन-तृतीयांश एवढीच असल्याने मिश्रणातील शक्ती सहा-सात टक्क्यांनी उणी होते. यास्तव इंधनाच्या सर्व नळ्या, पंपाचा पडदा व कार्ब्युरेटरमधील गॅसकेटे इथेनॉल सोसणारी घातली आणि जेट किंचित मोठा केला. पॉइंटांच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन व डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर बसविला. मागेपुढे पट्टे लावले, ते तर सर्वांआधी. या प्रत्येक सुधारणेने गाडी अधिक भरवशाची किंवा अधिक निर्धोक झाली. एकीनेही ती अधिक वेगवान झाली नाही. सुधारणेची माझी कसोटी हीच.

जुन्या पालकांस आठवत असेल, उन्हाळ्यात घाटाच्या तोंडाशी या गाड्या बॉनेट वर करून रांगेने उभ्या असत आणि चालक पेट्रोल-पंपावर ओले फडके ठेवून बसलेले असत. पंप इंजिनास चिकटून असल्याने तापे, आतील पेट्रोलची वाफ होई, आणि पंप वाफ ओढू शकत नसे. माझे वडील त्यासाठी एक पंचा व पाण्याची बाटली नेहमी गाडीत ठेवीत. आम्ही पंप व ब्लॉक यांच्यामध्ये उष्णता अडविणारी जाड चकती घातली आणि नळी एक्झॉस्टपासून दूर वळविली. पंचा मात्र अजून गाडीत आहे.

माझ्या हातून झालेली मोठी चूक सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही. हेडचे नट मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूस, क्रमाक्रमाने व ठरलेल्या मापानेच आवळावयाचे असतात, आणि इंजिन काही काळ चालल्यावर थंड करून पुन्हा तपासावयाचे असतात. मापाचा पाना त्या दिवशी मिळाला नाही. मी "मनगटाला अंदाज आहे" असे म्हणून साध्या पान्याने आवळले, आणि पुन्हा तपासण्याचे तर राहूनच गेले. गाडी सुरू झाली, नोंदणी-तपासणीही पार पडली, आणि पहिल्याच लांबच्या फेरीस वेल्ह्याहून पाबे घाट चढताना पांढरी वाफ सुटली. गॅसकेट फुटून पाणी तेलात गेले होते. तेलकांडी ओढली तो चहासारखा रंग. मागे तोरणा उभा, पुढे चढ, आणि गाडीत माझी वृद्ध आई. तिने तेवढ्या प्रसंगीही भंगारवाल्याचे नाव काढले नाही, हे तिचे मोठेपण. दुधाच्या एका पिकअपवाल्याने दोर बांधून आम्हांस खाली वेल्ह्यापर्यंत आणले. दुसऱ्या खेपेस तिन्ही मुलांनी हेड बसविले व मापाचा पाना मी हाती घेतलाच नाही. पन्नासपैकी पंधरा गुण मिळालेल्या मुलास 'निष्काळजी' असा शेरा मारताना आता माझी लेखणी थोडी अडखळते.

दोन आक्षेप खरे आहेत. एक खर्चाचा. नाना पेठेतील दुकाने व जुना बाजार धुंडाळून आणलेले भाग आणि लेथवाल्याचे बिल मिळून गाडीच्या बाजारभावाहून अधिक रक्कम गेली. हे काम काटकसरीचे म्हणून कोणी आरंभू नये. दुसरा धुराचा. कितीही नीट जुळविले तरी हे इंजिन आजच्या गाडीइतके स्वच्छ कधीच होणार नाही, त्यास उत्प्रेरक नळी नाही. त्यामुळे ही गाडी रोज शाळेत नेण्याचा मला हक्क वाटत नाही. महिन्यातून दोनदा निघते तेवढी पुरे.

तिसरा आक्षेप त्या गृहस्थांचा, आणि तो मला सर्वांत मोठा वाटतो. आपल्यात हात काळे होणे म्हणजे शिक्षण फुकट जाणे असा समज घट्ट बसला आहे. ज्याने पिढ्यानपिढ्या चिखल तुडविला त्याला आपल्या मुलाने तरी स्वच्छ खुर्चीवर बसावे असे वाटणे स्वाभाविक आहे. त्याला दोष देण्यास मी कोण? पण शिक्षण एका बाजूस व हात दुसऱ्या बाजूस ही वाटणी त्या मुलाने केली नव्हती, ती आपण केली. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ च्या सुमारास बेळगावास सायकलींचा धंदा आरंभिला व १९०३ साली लोखंडी नांगर बनविला, तेव्हा आरंभी शेतकरीही तो घेण्यास धजत नव्हते. ते मुंबईच्या तंत्रशाळेत शिक्षक होते. त्यांच्या हातांस ग्रीस लागत होते की नाही हे कोणी विचारीत नाही, कारण पुढे किर्लोस्करवाडी झाली. जो मुलगा किर्लोस्करवाडी काढणार नाही, पण ०.२८ मिलीमीटर नखाने ओळखतो, त्यालाही तेवढाच मान का मिळू नये?

त्या मुलाचे गणिताचे गुण वाढले असे येथे लिहिता आले असते तर माझ्या पक्षास बळकटी आली असती. ते वाढले नाहीत. मध्यंतरी दोन महिने वडिलांनी त्यास येऊ दिले नाही. दिवाळीनंतर एका शनिवारी ते स्वतः आले, गोठ्याच्या दाराशी उभे राहिले, भिंतीवरील खडूचा हिशेब पाहत राहिले. मग म्हणाले, "ह्यानंच केलंय व्हय?" मी होय म्हणालो. ते आणखी काही बोलले नाहीत. पण आठवड्याने त्यांचा ओढ्यावरील डिझेल पंप सुरू होत नव्हता, तेव्हा त्यांनी फाट्यावरील मिस्त्रीस बोलावण्याआधी मुलास हाक मारली असे मला कळले. पंप सुरू झाला की नाही हे मी विचारलेले नाही.

सध्या गाडीच्या गिअरपेटीतून तेल गळते. सहामाही परीक्षा झाल्यावर ती उतरविण्याचा विचार आहे. येऊ इच्छिणाऱ्या आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी व विद्यार्थिनींनी पालकांची चिठ्ठी आणावी. दहावीच्या मुलांनी सराव परीक्षा होईपर्यंत येऊ नये. जुने कपडे घालावेत. घड्याळ, कडे, अंगठी घरी ठेवून यावे, कारण बॅटरीच्या तारेस धातू लागला तर हात भाजतो.